थट्टा मालकाची, धडधड कामगाराची

१६ ऑगस्ट २०२२ रोजी इलॉन मस्क या अब्जाधीशाने ट्विटरवर एका ओळीत जाहीर केले, की आपण मँचेस्टर युनायटेड हा फुटबॉल क्लब विकत घेत आहोत. हा क्लब म्हणजे न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नोंदलेली एक कंपनी आहे. काही तासांनी त्यानेच खुलासा केला, की हा ट्विटरवरचा जुना विनोद आहे, मी कुठलाही संघ वगैरे घेत नाही. लोक हसले, बातम्या झाल्या, विषय संपला.

विषय संपला तो आपल्यासाठी. त्याच दिवसांत ट्विटर या कंपनीचे सुमारे साडेसात हजार कर्मचारी आपला मालक नक्की कोण होणार या विवंचनेत होते. एप्रिलमध्ये मस्कने ती कंपनी ४४ अब्ज डॉलरला घेण्याचा करार केला, जुलैमध्ये त्यातून अंग काढायला निघाला, आणि कंपनीने त्याला डेलावेअरच्या न्यायालयात खेचले. म्हणजे एक खरी खरेदी न्यायालयात लटकलेली असताना हा माणूस दुसऱ्या खरेदीचा विनोद करत होता. पुढे ऑक्टोबरच्या अखेरीस व्यवहार पूर्ण झाला. मस्क हातात सिंक घेऊन हसत हसत मुख्यालयात शिरला. तोही एक शाब्दिक विनोदच होता. त्यानंतर आठवडा-दीड आठवड्यात जवळजवळ निम्मे कर्मचारी काढले गेले. अनेकांना आपली नोकरी गेल्याचे कळले ते लॅपटॉप उघडेना तेव्हा. भारतातल्या दोनशेच्या आसपास लोकांपैकी बहुतेकांना घरी पाठवण्यात आले.

कंपनी विकत घेण्याची थट्टा ही मालकासाठी एक ओळ असते. त्या कंपनीत काम करणाऱ्यासाठी ती पगार, घराचा हप्ता आणि मुलांची फी असते. या लेखात मला एवढाच प्रश्न विचारायचा आहे: अशा खोट्या बातमीपासून आपला कायदा नक्की कोणाला वाचवतो?

याचे उत्तर शोधायला २०१८ साली जावे लागेल. ७ ऑगस्ट २०१८ रोजी मस्कने ट्विट केले, की टेस्ला कंपनी आपण ४२० डॉलर प्रति शेअर या भावाने पूर्ण खासगी करण्याच्या विचारात आहोत आणि पैशाची सोय झाली आहे. तशी सोय पक्की झालेली नव्हती. अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने, म्हणजे सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने, खटला भरला. तक्रारीत नोंद आहे की मूळ हिशेब ४१९ डॉलरच्या आसपास येत होता, पण तिकडे गांजा ओढणाऱ्यांच्या बोलीत ४२० या आकड्याला अर्थ आहे आणि आपल्या मैत्रिणीला ते गमतीचे वाटेल म्हणून त्याने तो ४२० केला. हजारो कामगारांच्या कंपनीचा भाव गमतीने ठरत होता! तडजोड झाली. मस्कने दोन कोटी डॉलर भरले, टेस्लानेही दोन कोटी भरले, आणि मस्कला अध्यक्षपद सोडावे लागले. ते चार कोटी डॉलर नुकसान झालेल्या गुंतवणूकदारांना वाटण्यासाठी वेगळे ठेवले गेले. गुंतवणूकदारांच्या दुसऱ्या एका दाव्यात मात्र फेब्रुवारी २०२३ मध्ये ज्युरीने मस्कला जबाबदार धरले नाही, हेही नोंदवले पाहिजे.

पण या संपूर्ण प्रकरणात एक गोष्ट कोणाच्या लक्षातही आली नाही. ज्याने शेअर विकत घेतला होता त्याला न्यायालय होते, नियामक होता, भरपाईचा निधी होता. त्याच कंपनीत गाडी जोडणाऱ्या कामगाराला त्या दिवसांत जी चिंता लागली असेल, तिच्यासाठी साधा अर्जाचा नमुनाही नव्हता. खोटे एकच होते, ते दोघांनी ऐकले. एकाची फसवणूक झाली असे कायद्याने मानले, दुसऱ्याची झाली हे कायद्याला दिसलेच नाही.

हे अमेरिकेचे झाले. आपल्याकडे काय आहे ते पाहू.

सेबीच्या नियमांप्रमाणे शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला महत्त्वाची घडामोड बाजाराला कळवावी लागते. माध्यमांत अफवा पसरली आणि त्याने शेअरचा भाव ठळकपणे हलला, तर मोठ्या कंपन्यांनी २४ तासांत ती खरी की खोटी हे सांगायचे, असाही नियम आहे. १ जून २०२४ पासून तो पहिल्या १०० कंपन्यांना आणि १ डिसेंबर २०२४ पासून पहिल्या २५० कंपन्यांना लागू झाला. नियम चांगला आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण तो कशाने जागा होतो ते बघा. भाव हलला तर जागा होतो. कामगाराची झोप उडाली तर तो जागा होत नाही. आणि खुलासा कोणाला करायचा? शेअर बाजाराला. कारखान्याच्या सूचनाफलकावर चार ओळी लावण्याचे बंधन त्यात नाही.

स्टार्टअपची गोष्ट आणखी निराळी. बहुसंख्य स्टार्टअप बाजारात नोंदलेल्याच नसतात, त्यामुळे हा नियम त्यांना मुळातच लागत नाही. आणि नेमक्या याच कंपन्यांना थट्टेची सर्वात जास्त हौस आहे. याला कारण आहे. या कंपन्यांपैकी अनेकींना नफा दिसायला वर्षे लागतात. तोवर त्यांची किंमत ठरते ती पुढचा गुंतवणूकदार किती पैसे टाकायला तयार होतो यावर, आणि त्यासाठी कंपनीचे नाव सतत लोकांच्या तोंडी असावे लागते. जाहिरातीला पैसे लागतात, खोटी बातमी फुकट पसरते. म्हणून १ एप्रिल आला की कोणी आपल्यापेक्षा दसपट मोठी कंपनी घेतल्याचे जाहीर करतो, कोणी आपणच विकले गेल्याचे सांगतो. संध्याकाळी ‘गंमत केली’ म्हणायचे. तोवर नाव झालेले असते.

एक एप्रिलचीही गरज उरलेली नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ‘येस मॅडम’ या, घरी येऊन ब्युटी पार्लरची सेवा देणाऱ्या भारतीय स्टार्टअपचा एक ईमेल समाजमाध्यमांवर फिरला. कामाच्या ताणाबद्दल पाहणी केली आणि ज्यांनी खूप ताण असल्याचे सांगितले त्यांनाच कामावरून कमी केले, असा त्याचा मजकूर होता. देशभर संताप झाला. मग कंपनीने सांगितले, की कोणालाही काढलेले नाही, ताणाच्या प्रश्नाकडे लक्ष वेधण्यासाठी हे ठरवून केले होते.

यात मला सर्वात बोलकी वाटते ती गोष्ट अशी, की लोकांनी त्या ईमेलवर एका क्षणात विश्वास ठेवला. का ठेवला? कारण असे घडू शकते हे नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. थट्टा फसते कोणावर? ज्याला खरे आधी कळते त्याच्यावर. आणि चालते कोणावर? ज्याला कधीच काही आधी कळत नाही त्याच्यावर. मालकाला ‘तुझी कंपनी विकली’ असे सांगून कोणी घाबरवू शकत नाही. कागद त्याच्याच कपाटात असतात.

मी ज्या वस्तीत काम करते तिथला एक मुलगा एका स्टार्टअपच्या गोदामात पॅकिंगला होता. नाव कशाला सांगू, कंपनी कुठलीही असू शकते. एके वर्षी १ एप्रिलला कामाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वरून निरोप आला, की आपली कंपनी अमक्या मोठ्या कंपनीने घेतली आहे, उद्यापासून नवे व्यवस्थापन, ओळखपत्रे जमा करायची. त्याने मला फोन केला. त्याचा प्रश्न एवढाच होता, ‘ताई, या महिन्याचा पगार जुना मालक देणार की नवा?’ तोपर्यंत बचत गटाच्या ताईंना त्याने हप्ता लांबेल असे कळवूनही टाकले होते. तीन तासांनी ग्रुपवर दुसरा निरोप आला: एप्रिल फूल. त्याखाली सगळ्या पोरांनी हसण्याची चिन्हे टाकली. यानेही टाकले. मी विचारले, राग नाही आला? तो म्हणाला, ‘आला ना. पण नाही हसलो तर दिसतं ना, कोण हसलं नाही ते.’

समाजशास्त्र शिकताना ‘थट्टेचे नाते’ हा विषय आम्हाला होता. रॅडक्लिफ-ब्राऊन या मानववंशशास्त्रज्ञाने १९४० साली त्यावर लिहिले. त्याने दोन प्रकार सांगितले. एका प्रकारात दोघेही एकमेकांची थट्टा करू शकतात. दुसऱ्यात एकाच बाजूने थट्टा होते, दुसऱ्याने ती राग न मानता सोसायची असते, किंवा फार तर थोडेसे उत्तर द्यायचे. आपल्या गावात हे पुस्तकावाचून कळते. दीर-भावजयीची थट्टा पहिल्या प्रकारची. पाटलाच्या ओट्यावरून रस्त्याने जाणाऱ्या महाराची, मांगाची जी थट्टा चालायची ती दुसऱ्या प्रकारची. तिथे हसणे हा आनंद नव्हता, ती हजेरी होती. त्या गोदामातल्या पोरांची हसण्याची चिन्हे मला तशीच हजेरी वाटतात. ओटा जाऊन ग्रुप आला, एवढाच फरक.

काही जण म्हणतील, तुम्हा चळवळीच्या लोकांना विनोदाचे वावडे आहे. गंमत गमतीने घ्या. या आक्षेपाला उत्तर द्यायला हवे, कारण मीही विनोदाच्या विरोधात नाही. म्हणून एक उलटे उदाहरण सांगते, आणि तेही कंपनी-खरेदीशीच जोडलेले आहे.

भोपाळला १९८४ साली युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. हजारो माणसे मेली, लाखोंचे शरीर कायमचे मोडले. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. फेब्रुवारी २००१ मध्ये डाऊ केमिकल या कंपनीने युनियन कार्बाइड विकत घेतली. कंपनी घेतली, तिची मालमत्ता आली, पण भोपाळची जबाबदारी आपली नाही अशी भूमिका डाऊने घेतली. मग ३ डिसेंबर २००४ रोजी, दुर्घटनेला २० वर्षे झाली त्या दिवशी, बीबीसीच्या वाहिनीवर डाऊचा प्रवक्ता म्हणून एक गृहस्थ आले. त्यांनी सांगितले, की डाऊ संपूर्ण जबाबदारी स्वीकारत आहे, आणि पीडितांसाठी व स्वच्छतेसाठी १२ अब्ज डॉलर देत आहे. ते प्रवक्ते नव्हतेच. ते ‘येस मेन’ या अमेरिकन कार्यकर्त्यांच्या गटाचे होते. खोटे उघड होईपर्यंत जर्मनीतल्या बाजारात डाऊचा शेअर चार टक्क्यांहून अधिक पडला. कंपनी माणुसकीने वागणार, एवढ्या बातमीने बाजार घाबरला!

या थट्टेवरही टीका झाली, आणि ती चुकीची नव्हती. भोपाळच्या माणसांना थोडा वेळ का होईना खोटी आशा लागली. ती किंमत मोठी आहे, मी ती झाकून ठेवणार नाही. तरीही दोन थट्टांमधला फरक स्पष्ट आहे. ती थट्टा खालून वर गेली होती. जो लपवत होता त्याच्याकडून तिने खुलासा वदवून घेतला: नाही, आम्ही जबाबदारी घेतलेली नाही. मस्कची आणि त्या गोदामातल्या व्यवस्थापकाची थट्टा वरून खाली येते. तिच्यातून कोणाचेही सत्य बाहेर येत नाही, फक्त कोणाच्या हातात काय आहे ते पुन्हा एकदा दाखवले जाते. आणि भोपाळचे खरे काय झाले? जास्तीच्या भरपाईची मागणी सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळली. कारखान्यातला ३३७ टन विषारी कचरा तिथून हलवायला जानेवारी २०२५ उजाडला. कंपनी विकता येते, विकत घेता येते, पण तिचे विष मात्र गरिबांच्या वस्तीतच मुक्कामाला राहते.

आता कोणी म्हणेल, खरी खरेदी होते तेव्हा तरी कामगाराला विचारतात ना? नाही विचारत. २००१ साली केंद्र सरकारने बाल्को ही सार्वजनिक ॲल्युमिनियम कंपनी, तिचे ५१ टक्के भाग, स्टरलाइटला विकले. छत्तीसगडमधील कोरबाच्या कामगारांनी ६७ दिवस संप केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर २००१ च्या निकालाचा अर्थ असा, की निर्गुंतवणूक हा सरकारच्या आर्थिक धोरणाचा भाग आहे आणि तो निर्णय घेण्यापूर्वी कामगारांचे म्हणणे ऐकलेच पाहिजे असा त्यांना हक्क नाही. सरकारी कंपनीतला कर्मचारी म्हणून संविधानाच्या अनुच्छेद १४ आणि १६ चे जे संरक्षण मिळते ते खासगीकरणानंतर उरत नाही, पण तेवढ्यावरून विक्री थांबवता येत नाही. आरक्षणाच्या जोरावर ज्या घरांत पहिली पगाराची नोकरी आली, त्यांना या वाक्याचे वजन समजावून सांगावे लागत नाही. सरकारी कंपनी विकली जाते तेव्हा पुढच्या भरतीतले आरक्षणही विकले जाते. म्हणून ‘कंपनी विकली’ ही आपल्या लोकांसाठी थट्टेची बातमी कधीच नव्हती.

औद्योगिक विवाद कायदा, १९४७ च्या कलम २५ एफएफ मध्ये थोडा आधार होता. कंपनीची मालकी बदलली आणि नव्या मालकाने नोकरी खंड न पाडता, आधीपेक्षा कमी नसलेल्या अटींवर चालू ठेवली नाही, तर कामगाराला नोटीस आणि भरपाई मिळते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ही तरतूद ठेवली आहे. पण ती मालकी बदलल्यानंतरची आहे, आधी सांगण्याची नाही. शिवाय तिच्यासाठी तुम्ही कायद्याच्या भाषेत ‘कामगार’ असावे लागता. व्यवस्थापक गेला, १८ हजारांवर पगार घेणारा पर्यवेक्षक गेला. ॲपवर काम करणारा डिलिव्हरी बॉय आणि घरी येणारी ब्युटीशियन यांना तर कायदा नेहमीच्या मालक-नोकर नात्याच्या बाहेरचेच मानतो. जी थट्टा ऐकून सर्वात आधी घाबरतात, ती माणसे सर्वात कमी कायद्याच्या आत आहेत.

बाबासाहेबांनी हा प्रश्न फार आधी हेरला होता. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्षाने इतर कामगार संघटनांबरोबर मुंबईत संप केला तो संपाच्या हक्कावर बंधने आणणाऱ्या औद्योगिक विवाद विधेयकाविरुद्ध. १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये त्यांनी मांडले, की सरकारचे नियंत्रण नसणे यालाच स्वातंत्र्य म्हणाल, तर ते खासगी मालकाच्या हुकूमशाहीचे दुसरे नाव ठरेल. ज्याचे पोट नोकरीवर आहे तो आपले मूलभूत हक्क नोकरीसाठी गहाण टाकतो, हे त्यांचे निरीक्षण आहे. खोट्या बातमीवर हसण्याचे चिन्ह टाकणारा तो मुलगा नेमके हेच करत होता. रागावण्याचा हक्क त्याने पगारासाठी गहाण टाकला होता.

मग मागायचे काय? थट्टेवर बंदी नको. बंदीचे हत्यार उद्या आपल्याच व्यंगचित्रकारावर, आपल्याच शाहिरावर चालेल, हे आपण चांगले जाणतो. मागायचे ते हे.

पहिले, कंपनीच्या विक्रीची किंवा विलीनीकरणाची बातमी, खरी वा खोटी, पसरली, तर बाजाराला जेवढ्या वेळात खुलासा द्यावा लागतो तेवढ्याच वेळात कामगारांनाही लेखी द्यावा, त्यांच्या भाषेत. मराठी बोलणाऱ्या गोदामात इंग्रजी ईमेल म्हणजे खुलासा नव्हे.

दुसरे, हे बंधन बाजारात न नोंदलेल्या कंपन्यांनाही असावे. शेअर नसले तरी तिथे माणसे आहेतच.

तिसरे, नोकरी, पगार आणि मालकी या तीन गोष्टींबद्दल मालकाने किंवा त्याच्या व्यवस्थापकाने कामगाराला जाणूनबुजून खोटे सांगितले, तर ती कामगाराची फसवणूक मानावी. त्याला विनोद म्हणून सूट नको. हेच तीन विषय का? कारण कामगार त्यांची खातरजमा स्वतः करू शकत नाही.

चौथे, आणि हे कायद्याने मिळणार नाही, आपल्यालाच करावे लागेल. ग्रुपवर हसण्याची हजेरी बंद करा. एकट्याने न हसणे महाग पडते, त्या मुलाचे म्हणणे खरे आहे. पण चाळीस जणांच्या ग्रुपवर चाळीसही जण हसले नाहीत, तर कोण हसले नाही ते शोधण्यात अर्थ राहत नाही. संघटना याहून मोठ्या गोष्टीने सुरू व्हावी लागते असे काही नाही.